मंगळाचा वाद आणि आलोशियसचं बावखल

वसईतल्या निर्मळ गावात आलोशियस नावाची तीन माणसं. एक बँकेतून रिटायर झालेला, एक चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा आणि तिसरा 'शी' म्हणणारा. ही गोष्ट तिसऱ्याची.

त्याला किळस कशाची यायची असं विचारू नका, कशाची यायची नाही असं विचारा. पावडर मारून पिकवलेल्या केळ्यांची यायची. चर्चमध्ये आल्तारावर, वेदीवर, ठेवलेल्या प्लास्टिकच्या गुलाबांची यायची. लग्नात रस्ता अडवून नाचणाऱ्यांची यायची. तुळिंजला एका नातेवाइकाच्या घरभरणीला गेला, तर बाराव्या मजल्यावर संगमरवरी बाथरूम आणि नळ उघडला की नुसती हवा. खाली टँकर उभा, टँकरभोवती बादल्या, बादल्यांभोवती भांडणं. "शी!" म्हणून हा जिना उतरला तो जेवायलाही थांबला नाही. बायको पॉलिन मागाहून रिक्षाने आली आणि आठवडाभर बोलली नाही.

लोक हसायचे. हसू देत बिचारे. अहो, नाकाशी घाण आली तर माणूस नाक मुरडणारच ना? उलट ज्यांना काहीच वास येत नाही त्यांची मला जास्त धास्ती वाटते, आणि अशी माणसं आता गल्लोगल्ली झालीत.

आलोशियस बागायतदार. शाळा अर्धवट सुटली, कारण बाप अंथरुणाला खिळला आणि वाडी कोणीतरी बघायला हवी होती. राजेळी केळी, मोगरा, थोडं अळू, कुंपणाला पानवेल. थंडीत केळी सोलून, उन्हात वाळवून सुकेळी करायची, ती करावीत तर ह्या घरानं, असं लांबलांबचे लोक म्हणायचे. लग्न होळी गावच्या पॉलिनशी झालं. तीही भाजीवाल्या घरातली, त्यामुळे वाडीत पहिल्या दिवसापासून ती नवऱ्याच्या बरोबरीनं राबली आणि त्याच्या बरोबरीनं बोललीही. एक मुलगा, मेलरॉय, तो कॅनडात. रविवारी फोनवर दिसतो आणि जेवलात का विचारतो.

आणि होतं बावखल.

बावखल म्हणजे वाडीतलं तळं. विहिरीपेक्षा मोठं, तलावापेक्षा लहान. आमच्या पट्ट्यात समुद्र हाकेवर, जमिनीखालून खारं पाणी सारखं आत शिरायला बघतं. बावखल पावसाचं गोडं पाणी धरून ठेवतं, त्याच्या जोरावर आजूबाजूच्या विहिरी गोड राहतात, विहिरींच्या जोरावर वाडी आणि वाडीच्या जोरावर माणसं. आलोशियसच्या आजोबांनी खणलेलं हे बावखल दोन भावांच्या वाट्यांच्या मधोमध पडलं. पलीकडचा अर्धा भाग धाकट्या आल्बर्टचा. पण पाणी काय अर्धं करता येतं? दोघांनी आळीपाळीनं वापरायचं, उन्हाळ्यात मिळून गाळ काढायचा, हे बापाच्या वेळेपासून ठरलेलं.

आणखी एक ठरलेलं होतं. रविवारी बावखलाला हात लावायचा नाही. शनिवारी संध्याकाळी वाडीला पाणी देऊन पंप बंद करायचा तो सोमवारी उजाडल्यावर सुरू. रविवारचं पाणी देवाचं. पंपाआधी रहाट होता तेव्हापासूनची ही चाल. केळी मान टाकून उभी असली तरी आलोशियसनं रविवारी कधी पंपाचं बटण दाबलं नाही, आणि आल्बर्टनंही नाही. एवढ्या एका बाबतीत दोघे भाऊ अगदी एका आईचे.

बाकी आल्बर्टचा नमुना वेगळा. गोड बोलणारा, इस्त्रीचे कपडे, चर्चमध्ये पुढच्या बाकावर. आवाज कधी चढायचा नाही. आवाज चढवणाऱ्या माणसाशी भांडता येतं हो, पण जो हसून "बघू या ना दादा" म्हणतो त्याचं काय करायचं? ह्या आल्बर्टनं दोन वर्षांपूर्वी आपल्या वाट्याची वाडी एका टॉवरवाल्या बिल्डरला दिली. दिली तर दिली. पण टॉवरवाल्याला सपाट जमीन हवी होती, आणि त्या जमिनीत अर्धं बावखल होतं.

"अर्धंच तर बुजवणार आहेत," आल्बर्ट म्हणाला.

"अर्धी बादली कधी पाहिलीस का रे? उभी कापलेली?" आलोशियस म्हणाला. "एका बाजूनं भराव पडला की सगळं गेलं. माझी विहीर गेली, केळी गेली. मग मी काय करू? टँकरपुढे बादली घेऊन उभा राहू?"

"बघू या ना दादा."

बघू या म्हणाला आणि पंधरवड्यात पहिला डंपर आला. आलोशियस तेव्हा मोगरा खुडत होता. तो तसाच धावला आणि काठावर जाऊन बसला. ड्रायव्हर खाली उतरला, वसईबाहेरचा कोणी, पोटासाठी आलेला. "चाचा, हटो ना. मुझे खाली करके जाना है."

"कर. माझ्या अंगावर कर."

म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर राडारोडा ओतायची त्याची काही छाती झाली नाही. डंपर उलटा फिरला. तेव्हापासून आलोशियसनं प्लास्टिकची खुर्ची कायमची काठावर मांडली. सकाळी कामं उरकून खुर्चीत. जेवण खुर्चीत. दुपारची डुलकी खुर्चीत. झोपायला घरी यायचा तेही खिडकी उघडी ठेवून, आणि वाडीच्या रस्त्यावर इंजिनाचा आवाज झाला की टॉर्च घेऊन बाहेर. आणखी दोनदा डंपर आले, खुर्ची बघून परत गेले. कचेरीत अर्ज देऊन झाले होते, तिथे साहेबांनी "लक्ष घालतो" म्हटलं होतं. ते अजून घालतायत. तेव्हा बावखल आणि राडारोडा ह्यांच्यामध्ये काय होतं? एक म्हातारा आणि एक खुर्ची. बस्स.

फक्त रविवारी खुर्ची रिकामी असायची. रविवारी कोण येणार? रविवारी बावखलाला कोण हात लावणार? असला विचारसुद्धा त्याच्या डोक्यात आला नाही, कारण निर्मळात जन्मलेल्या कुठल्याच माणसाच्या डोक्यात तो आला नसता.

अशात एका संध्याकाळी लविना आली. लविना आल्बर्टची मुलगी, कॉलेजात फिजिक्स शिकवते. बापाशी वाजलं तरी पुतणीवर आलोशियसचा जीव होता. लहानपणी ती ह्याच बावखलात पोहायला शिकली, ह्याच्याच हाताखाली.

"अंकल, चर्चच्या हॉलमध्ये वादविवाद ठेवलाय. विषय आहे, माणसानं मंगळावर वस्ती करावी का? मी 'करावी' म्हणून बोलणार. 'करू नये' म्हणून तुम्ही बोला."

"मंगळ?" आलोशियस खुर्चीतून अर्धा उठला. "शी! इथला उकिरडा कोणाच्या बापानं उचलायचा? भरल्या ताटात थुंकायचं आणि शेजारच्या पंगतीत जाऊन बसायचं, असंच ना? कोण असले धंदे करतं?"

"बघा," लविना हसली, "तुमचं अर्धं भाषण तर तयारच आहे. पप्पाच म्हणाले, विरोधी बाजूला दादालाच घ्या, त्याच्यासारखं कोणी बोलणार नाही."

इथे आलोशियस थोडा विरघळला, हे लपवून उपयोग नाही. आयुष्यभर ज्याच्या बोलण्याला गाव हसलं, त्याला कोणी माईक देतंय. आणि आल्बर्ट, बोलचाल तुटलेला भाऊ, मागून का होईना पण कौतुक करतोय. माणूसच आहे शेवटी, सुखावला.

"कधी आहे?" पॉलिननं विचारलं.

"रविवारी संध्याकाळी."

"रविवारी चालेल," आलोशियस म्हणाला.

मग तयारी. लविनाच विरुद्ध पक्षाला माहिती पुरवायची, इतकी सरळ पोर. तिथली हवा माणसाला श्वास घेण्याजोगी नाही. सूर्याचा नको तो किरण थेट अंगावर येतो, म्हणून जमिनीखाली बिळात राहायचं. माती विषारी, धुतल्याशिवाय त्यात कोथिंबीरसुद्धा उगवायची नाही. पाणी आहे, पण बर्फ होऊन गोठलेलं, ते खणायचं, वितळवायचं, शुद्ध करायचं, मग घोटभर प्यायचं. आलोशियस हे ऐकून थक्क झाला. "एवढ्या पाण्यासाठी एवढं?" त्यानं दोनदा विचारलं. मग काठावर उभा राहून तो केळीच्या झाडांना भाषण देऊ लागला. हातवारे, आवाज चढवणं, मध्येच थांबून पाण्याकडे बोट दाखवणं. पॉलिन डबा घेऊन यायची आणि ऐकत उभी राहायची.

"अहो, झाडांनी काय पाप केलंय?"

"तू ऐक गप."

"ऐकतेय की. पहिल्यांदाच तुमचं ओरडणं कामाला येतंय."

रविवार आला. हॉल खच्चून भरला. आळीतली झाडून सगळी माणसं आलोशियसला ऐकायला आली होती, कोणी हसायला, कोणी खरंच ऐकायला. घराघराला कुलपं. फादर अध्यक्ष होते. पहिल्या रांगेत आल्बर्ट, पांढरा शर्ट, मांडीवर हात. आलोशियस आत शिरला तसा आल्बर्ट उठून उभा राहिला आणि त्यानं भावाला हात जोडले. किती महिन्यांनी.

लविना आधी बोलली, आणि खरं तेच सांगायचं तर छान बोलली. ती म्हणाली, सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नयेत एवढी अक्कल घरातल्या बाईला असते, मग माणसाच्या जातीला का नसावी? उद्या आभाळातून मोठा दगड आला तर? आणि तिथे जगायची विद्या शिकलो तर ती इथेही उपयोगी पडेल. थेंब थेंब पाणी पुन्हा वापरायला शिकू, मूठभर मातीत पिकवायला शिकू. मग अंकलकडे बघून म्हणाली, "वसईची माणसं कधीपासून घर सोडून जातायत. आखातात गेली, कॅनडात गेली. अंकलचा मेलरॉयही गेला. त्याला कोणी पळपुटा म्हणालं का?"

टाळ्या पडल्या. मेलरॉयचं नाव आलं तशी पॉलिननं पदर सावरला.

आलोशियस उठला. माईक ठोकून बघितला. पहिली दोन वाक्यं अडखळली आणि मग जो सुटला तो सुटलाच.

"मेलरॉय कॅनडात गेला," तो म्हणाला, "कारण कॅनडात हवा होती. नळाला पाणी होतं. तो बिळात राहायला गेला नाही. आणि जाताना त्यानं बापाच्या विहिरीत घाण टाकली नाही. जाणाऱ्यावर माझा राग नाही, पोरी. घाण करून जाणाऱ्यावर आहे. हे मंगळवाले कोण आहेत? ज्यांच्याकडे उदंड आहे तेच ना? ते तिथे बर्फ खणून पाणी काढणार म्हणे. अरे, इथे न खणता आभाळातून पडतं! आजोबांनी खड्डा करून ठेवलाय, नुसतं धरायचंय! तेवढं जमत नाही आणि निघाले मंगळावर. मला ह्याची शिसारी येते. पहिला तांब्या पाणी काढलं ना की तिथेही कोणीतरी म्हणेल, हा माझा अर्धा वाटा, मी बुजवतो!"

हॉल हसला, मग टाळ्या. काही जणांनी चोरून आल्बर्टकडे पाहिलं. आल्बर्ट मान डोलवत होता. तो खरोखर मान डोलवत होता.

वेळ संपल्याची घंटा झाली. आलोशियस थांबणार, इतक्यात आल्बर्टच उभा राहिला. "फादर, बोलू द्या त्याला. आज बोलू द्या." फादरनं मान हलवली. हॉलनं टाळ्या वाजवल्या. आलोशियसला वाटलं, आपलं बोलणं पोचलं. भावाच्या काळजाला पोचलं. मग तो आणखी बोलला, आजोबांवर बोलला, गोड्या पाण्यावर बोलला, गाळात पाय रुतवून दोघे भाऊ कसे उभे राहायचे ते बोलला. बायकांनी डोळे पुसले. फादरनंही चष्मा काढला. शेवटी 'करू नये' ही बाजू जिंकली. फादरनं शाल घातली, आल्बर्टनं सगळ्यांत आधी येऊन मिठी मारली.

"काय बोललास दादा! तोड नाही." वर चहा, वर केक, वर फोटो. आल्बर्ट सोडेचना. प्रत्येकाला बोलावून सांगायचा, हा माझा मोठा भाऊ.

घरी निघाले तेव्हा दिवे लागले होते. शाल खांद्यावरच होती. वळणावर पॉलिन थबकली. रस्ता धुळीनं माखला होता, ओल्या चिखलाचे टायरचे पट्टे वाडीतून निघून मोठ्या रस्त्याकडे गेलेले. आलोशियस भराभर चालायला लागला, मग धावायला लागला.

बावखल नव्हतं. पाणी होतं तिथे ढीग होते. विटांचे तुकडे, फुटक्या फरश्या, कोणाकोणाच्या पाडलेल्या घरांचं प्लास्टर, एक संडासचं भांडं पार मधोमध. अर्धं नाही, सगळं. काठाशी कुठे कुठे काळं पाणी फुगून वर आलं होतं आणि त्यात मासे तडफडत होते. खुर्ची सरळ उचलून कोणीतरी केळीच्या बुंध्याशी नीट ठेवली होती. ही सभ्यता! आग लागो असल्या सभ्यतेला.

मागून माणसं जमली. आल्बर्टही आला, लविनाही आली. लविनानं तोंडावर हात धरला. ती बापाकडे बघत होती.

"आज रविवार आहे," आलोशियस म्हणाला. एवढंच म्हणाला. "आल्बर्ट, आज रविवार आहे रे."

"मी कुठे हात लावला, दादा?" आल्बर्टचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "मी तर तुझ्यासमोर बसलो होतो. सगळ्यांनी बघितलंय. डंपरवाल्यांना काय रविवार आणि काय सोमवार. ते बाहेरचे लोक."

"म्हणून घंटा झाल्यावरही ह्यांना बोलत ठेवलंस?" पॉलिननं विचारलं.

आल्बर्टनं खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. "भाषण खरंच चांगलं होतं, वहिनी. ते मी मनापासून म्हणालो."

आणि सगळ्यांत घाण गोष्ट हीच, की ते खरं असेल. तो मनापासूनच टाळ्या वाजवत असेल. हॉलमधले सगळेच मनापासून वाजवत होते, रडत होते, आणि आता इथे उभे राहून "फार वाईट झालं" म्हणत होते तेही मनापासून. कोणी आल्बर्टची कॉलर धरली नाही. कोणीतरी म्हणालं, उद्या तक्रार करू. कोणीतरी म्हणालं, आता सगळीकडे असंच चाललंय. एकानं मोबाइलवर फोटो काढला. मग घरी जेवणं खोळंबली होती, म्हणून एकेक जण पांगला.

आलोशियसला त्या सगळ्यांची किळस आली. पण सगळ्यांत जास्त आली ती स्वतःची. इथे गाडीमागून गाडी रिकामी होत होती तेव्हा तो तिकडे सुखानं फुलून आला होता. घंटेनंतरही बोलू दिलं म्हणून खूष झाला होता. केकचा दुसरा तुकडा त्यानं मागून घेतला होता. तो ढिगाऱ्याच्या कडेला वाकला आणि खरंच ओकला. पॉलिननं त्याची पाठ धरली.

आल्बर्ट निघून गेला. लविना मात्र तिथेच होती. डोळे कोरडे, चेहरा पांढरा. "अंकल, मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "आईशपथ माहीत नव्हतं. मीच तुम्हाला घेऊन गेले."

आलोशियसनं तोंड पुसलं, तेही शालीनंच. ही पोर 'पप्पा' म्हणायच्या आधी 'अंकल' म्हणायला शिकली होती, ते त्याला आठवलं असेल किंवा नसेल. पण त्याचा आवाज बिलकुल चढला नाही.

"तू जिंकायला हवी होतीस, लविना," तो म्हणाला. "तू जा. खुशाल जा त्या मंगळावर. फक्त तिथे पाणी लागलं ना, तर इथल्या कोणाला कळवू नकोस. मलाही नाही."